घाटजाईचा राहिलेला थांबा

मंडळी, बसा! पुढं सरका, पुढं या. मागच्यांनो, खांबाला टेकून बसू नका — खांब देवळाचा आहे, तुमच्या झोपेचा नाही! ते लाल टोपीवाले काका, मोबाईल खिशात ठेवा. देव काही तुम्हाला मेसेज करणार नाही, तो इथंच बसलाय समोर. हं! आता कसं!

आज निरूपणाला मी ओवी घेतलीय ती माझीच. संतांची नाही, आधीच सांगतो. नंतर कुणी म्हणायचं नाही, बुवांनी खपवली! ऐका —

हात द्यावा, परी ओढू नये ।
पुढे जाऊन सोडू नये ।
थांब म्हणता मोडू नये ।
मन त्याचे ॥

पेटी थांबवा विष्णुपंत, सांगायचंय मला. आता एक सवाल तुम्हाला. साधा आहे. एखादा माणूस अडलाय. पाय गेलेत म्हणा, डोळे गेलेत म्हणा, नाहीतर नुसतं मन गेलंय. त्याला हात द्यायचा हे तर लहान लेकराला पण कळतं! त्याला काही कीर्तन लागत नाही. पण द्यायचा कसा? आहे का उत्तर? पुढं होऊन ओढायचं? मागं राहून ढकलायचं? का डोक्यावर घेऊन चालायचं? बोला की! — नाही ना? सगळे माझ्याकडं बघताय. मला तरी कुठं ठाऊक होतं! मला हे शिकवलं दोन एसटीवाल्यांनी. एक ड्रायव्हर, एक कंडक्टर.

तर मंडळी, आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. वर दहा-साडेदहा किलोमीटर चढण, आणि चढण संपते तिथं घाटजाईचं देऊळ. देऊळ कसलं, चार दगड आणि पत्र्याचं छप्पर. पण मान मोठा! वर जाणारी प्रत्येक गाडी तिच्यापुढं क्षणभर थांबते. ट्रक थांबतो, जीप थांबते, एसटीसुद्धा थांबते. कंडक्टर खाली उतरतो, पायरीला हात लावतो, एक फूल ठेवतो, चढतो. कायद्याच्या पुस्तकात तो थांबा नाही, पण आमच्या घाटात तोच पहिला थांबा समजतात.

या घाटात सत्तावीस वर्षं एकाच गाडीवर दोघं. ड्रायव्हर रंगनाथ पिसाळ. कंडक्टर दत्तोबा भिसे, त्यांना सगळा तालुका मास्तर म्हणायचा. रंगनाथपण मास्तरच म्हणायचा. रंगनाथ आडदांड, आवाज मोठा, राग नाकावर. मास्तर किरकोळ, बोलायचे हळू, पण गाडीतला शेवटचा माणूस बसल्याशिवाय हलायचे नाहीत. म्हातारी पायऱ्या चढतेय, चढू दे. बाईच्या कडेवर लेकरू आहे, बसू दे आधी. मग बेल!

आता बेल म्हणजे काय ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. नव्यांना सांगतो. जुन्या गाडीत छताला पुढून मागपर्यंत एक दोरी असायची, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली — टिंग — म्हणजे थांब. दोनदा ओढली — टिंग टिंग — म्हणजे चल. डबल बेल! चाक ड्रायव्हरच्या हातात, ब्रेक त्याच्या पायात, पण डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी तसूभर पुढं न्यायची नाही. हा धर्म! आणि रंगनाथ कितीही तापट असला तरी सत्तावीस वर्षांत बेलशिवाय त्यानं गाडी काढली नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. काका, टोपीवाले, तुम्ही पण ध्यानात ठेवा.

दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. ती जुनी गाडी मोडीत निघाली तेव्हा मास्तरांनी साहेबांकडून एकच वस्तू मागून घेतली, ती घंटीची दोरी. घरी आणली. वत्सला वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या कुटुंबानं, काय करावं तिचं? परसात बांधली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले! बायका अशाच असतात हो, आपलं मोठेपण चिमट्यानं लटकवतात.

आणि मग मास्तरांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं, मग काहीच. दोन ऑपरेशनं झाली, उपयोग नाही. मंडळी, माणूस आंधळा होतो म्हणजे नुसतं दिसायचं बंद होतं असं नाही. चहा कुणीतरी हातात देतं. चप्पल कुणीतरी पायात सरकवतं. मास्तर खाटेवर बसायचे, भिंतीकडं तोंड करून. वहिनी सांगायच्या, अहो, तोंड तरी इकडं करा. ते म्हणायचे, काय फरक पडतो. तीन वर्षं माणूस उंबऱ्याबाहेर पडला नाही. जेवण पक्ष्याएवढं. वहिनींनी एकदा मला देवळात गाठलं आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, बुवा, माणूस आहे घरात, पण घर रिकामं आहे.

रंगनाथला हे बघवेना. जिवाभावाचा माणूस असा भिंतीला लागलेला! रोज जायचा, ओरडायचा, भांडायचा. मास्तर भिंतीकडचं तोंड काही फिरवायचे नाहीत.

अशात आमच्याकडं ती शर्यत निघाली. घाटाची शर्यत! तुम्ही ऐकलं असेल. पहाटे सहाला बाजारातून निघायचं, घाट चढायचा, घाटजाईपासून चाळीस पावलांवर एक कमान लावलेली असते तिथं वळायचं, आणि परत खाली. एकवीस किलोमीटर. साडेतीन तासांत. बक्षीस पहिल्या तिघांना, बाकीच्यांना वेळेत आलं तर एक पदक, आणि घामोळं. पहिल्या वर्षी मला वाटलं, वेड लागलंय लोकांना! गाडी असताना पळतात, आणि वर फी भरून पळतात! पण बघितलं तर आमची पोस्टातली बाई पळतेय, पिठाच्या गिरणीवाला पळतोय, साठीचे लोक पळताहेत. कुणाला पहिलं यायचं नव्हतं. प्रत्येकाला आपलाच घाट चढायचा होता. मी टाळ्या वाजवल्या मंडळी. पळालो नाही. हे पोट बघताय ना!

रंगनाथच्या डोक्यात आलं — मास्तरला घेऊन पळायचं. चालतं म्हणे, आंधळ्या माणसाबरोबर एक डोळस वाटाड्या, दोघांच्या मनगटांना एक दोरी. शर्यतवाले परवानगी देतात. मास्तर नाही म्हणाले. महिनाभर नाही म्हणाले. शेवटी रंगनाथनं पैज लावली. म्हणाला, आपण वेळेत पोचलो, तर तू रोज सकाळी माझ्याबरोबर घराबाहेर पडायचं, मरेपर्यंत. आणि नाही पोचलो, तर मी परत तुझ्या दारात येणार नाही, भिंतीकडं बघत बस सुखानं. मास्तरांना बहुतेक दुसरी गोष्ट बरी वाटली असेल, कटकट तरी जाईल! हो म्हणाले.

दोरी कुठली? अहो, तीच! वहिनींनी परसातले ओले कपडे खाली उतरवले, दोरी सोडली, आणि रंगनाथच्या हातात दिली. त्यानं हातभर तुकडा कापला, दोन्ही टोकांना फास केले. मास्तरांनी ती दोरी बोटांनी चाचपली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, मग बेल पण तीच. एक ओढली की थांब, दोन ओढल्या की चल. रंगनाथ म्हणाला, बरं बरं.

म्हणाला बरं बरं! माणूस बरं बरं दोनदा म्हणाला की समजावं, त्यानं ऐकलेलं नाही.

चार महिने सराव. पहाटे साडेपाचला रंगनाथ दारात. आधी गल्ली, मग ओढ्यापर्यंत, मग घाटाचं पहिलं वळण. सगळं गाव बघायचं, पुढं हा रेडा आणि मागं ते वासरू. दोरी कायम ताणलेली! मास्तर थांब म्हणून एक बेल द्यायचे, रंगनाथ म्हणायचा, चल रे, अजून थोडं. मास्तर दोन ओढायचे तेव्हा हा आधीच चार पावलं पुढं. आणि गाव काय म्हणायचं? वा रंगनाथ! केवढं पुण्य! गणपतीत मंडळानं त्याला शाल दिली. शाल कुणाच्या हस्ते? माझ्याच! मी भाषण ठोकलं वीस मिनिटं. आंधळ्याची काठी काय, अन् काय काय! मास्तर तिथंच बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांना शाल द्यायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्यापण नाही. ते आज आठवलं की मान खाली जाते माझी.

शर्यतीचा दिवस. डिसेंबरातला रविवार. थंडी अशी की दातांनी आपोआप टाळ धरलेला! मला काम दिलेलं पाण्याच्या टेबलावर, उतरताना सतराव्या किलोमीटरला, वडाच्या वळणावर. पाणी, लिंबू-मीठ, गूळ-शेंगदाणे. म्हणजे मी जे पाहिलं ते तिथून पुढचं. त्याच्या आधीचं मला मास्तरांनी सांगितलं, नंतर.

चढताना मास्तर खूश होते. नवल काय तर मास्तरांना रस्ता ठाऊक! रंगनाथला घाट ठाऊक होता तो डोळ्यांनी. मास्तर सत्तावीस वर्षं गाडीत उभं राहून तिकिटं फाडत होते, त्यांना घाट ठाऊक होता तळपायांनी. कुठं डावीकडं कलायचं, कुठं गुडघा वाकवायचा, सगळं पायात मुरलेलं. ते सांगत होते, आता पाण्याची टाकी येईल, आता बोकड्याचं वळण, आता चढ थोडा मोडेल. तीन वर्षं मुका झालेला माणूस बोलत होता! आणि रंगनाथ काय करत होता? घड्याळ बघत होता.

कारण मागं गाडी होती. शर्यतीच्या शेवटी एक एसटी चालते, हळूहळू, सगळ्यात मागच्या माणसाच्याही मागून. ज्याला झेपलं नाही त्यानं हात दाखवायचा, ती घेते. आणि वरच्या कमानीशी आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत जो वळला नाही त्याला सक्तीनं आत! ड्रायव्हर कोण? रफीक मुल्ला. रंगनाथच्याच हाताखाली घाट शिकलेला. बघा दैव! आयुष्यभर लोकांना गाडीत बसवणारे हे दोघं, आणि आज जीव मुठीत धरून पळताहेत की गाडीत बसायला लागू नये.

घाटजाई आली तेव्हा आठ वाजून आठ मिनिटं झालेली. दोन मिनिटं हातात, चाळीस पावलं बाकी. मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. चढ संपला, वारा लागला, कापराचा वास आला. त्यांनी दोरी ओढली.

एकदा.

टिंग! म्हणजे काय मंडळी? थांब. पायरीला हात लावायचा, एवढंच. खिशात फूल होतं हो! वहिनींनी पहाटे परसातलं झेंडूचं फूल दिलेलं, देवीला ठेवा म्हणून. किती वेळ लागला असता? मोजा. एक, दोन, तीन... दहा. दहा सेकंद!

रंगनाथ थांबला नाही.

त्याला बेल कळली नाही असं नाही. कळली. पण त्याच्या डोळ्यापुढं कमान, कानात गाडीचं इंजिन, मनात पैज. त्यानं दोरी आवळली आणि मास्तरांना देवीपुढून ओढत नेलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची गाडी घाटजाईपुढं थांबली नाही. कमानीतून वळले, आठ दहाला काही सेकंद कमी असताना! वेळेत वळले एवढं खरं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथ ओरडला, जिंकलो मास्तर! मास्तर काही बोलले नाहीत. तिथून पुढं एक शब्द नाही. येताना परत देऊळ लागलं, तेव्हा त्यांनी दोरीसुद्धा ओढली नाही. ज्याची बेल कुणी ऐकत नाही मंडळी, तो काही दिवसांनी बेल द्यायचंच सोडतो. तुमच्या घरात कुणी गप्प झालंय का हो हल्ली? — नंतर विचारतो. आता पुढं ऐका.

आता उतार. घाटातल्या ड्रायव्हरांचा एक मंत्र असतो, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. उतार दिसला म्हणून न्यूट्रल करून गाडी सोडली की ब्रेक तापले, संपलं! रंगनाथनं हा मंत्र शंभर पोरांना शिकवला असेल. रफीकला तर कान धरून शिकवला. आणि त्या दिवशी स्वतः काय केलं? वेळ भरून काढायची म्हणून पाय मोकळे सोडले. न्यूट्रल! धाड धाड धाड, मास्तरांना घेऊन. सहा किलोमीटर अशी गाडी पळाली आणि वडाच्या वळणावर, बरोबर माझ्या टेबलापुढं, रंगनाथ पोटरी धरून खाली बसला.

मी धावलो. आता मी धावलो म्हणजे काय, तुम्हीच समजा! बघतो तर पोटरीत गोळा आलेला, दगडासारखा, आणि मांड्या थरथरताहेत. उठायला गेला, परत बसला. नऊला सात मिनिटं कमी होती. चार किलोमीटर बाकी. मागं वळणावर गाडी आली, थांबली, ब्रेकची हवा सुटली — फुस्स! रंगनाथनं हात वर केला.

मास्तरांनी विचारलं, हात कुणी दाखवला? मी म्हणालो, रंगनाथनं. रंगनाथ मास्तरांना म्हणाला, माझी गाडी संपली, तू बुवांबरोबर जा, अजून सदतीस मिनिटं आहेत, तू पोचशील. माझ्याबरोबर! माझ्याकडं बघून देव पण हसला असेल. त्यानं मनगटातून फास काढायला घेतला.

मास्तर रस्त्यावर बसले. चाचपत चाचपत त्यांनी रंगनाथचा पाय शोधला, मांडीवर घेतला आणि पोटरी दाबायला लागले. त्यांच्या मनगटावर मी पाहिलं, लाल वळ. दोरीचा. चार महिन्यांचा जुना आणि त्या दिवशीचा नवा. पाय दाबता दाबता, अगदी हळू, जसे गाडीत सुट्टे मागायचे तसे, ते म्हणाले,

"रंगनाथ, वर मी एक बेल दिली होती."

रंगनाथ म्हणाला, "वेळ नव्हता रे."

"सत्तावीस वर्षांत कितीदा तरी आपल्याला उशीर झाला. तू बेलशिवाय गाडी कधी काढली नाहीस. तेव्हा मी कंडक्टर होतो. आता मी सामान झालोय. टपावर टाकलेलं."

मंडळी... दोन मिनिटं थांबतो मी. विष्णुपंत, नको, पेटी नको.

त्यात राग नव्हता हो. राग असता तर रंगनाथ भांडला असता, भांडण त्याला येत होतं. तो आडदांड माणूस रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, मला वाटलं, मी तुला वाचवतोय. मास्तर म्हणाले, वाचवलंस की. भिंतीपासून घाटापर्यंत तूच आणलंस. पण आणलेल्या माणसाला विचार तरी, कुठं उतरायचंय.

आता बघा! रंगनाथनं डोळे पुसले. काढलेला फास परत मनगटात घातला. मास्तरांच्या खांद्याला धरून उभा राहिला, एका पायावर. आणि म्हणाला, "मास्तर, तू बेल दे."

मास्तरांनी लगेच दिली नाही! चाचपून बघितलं, याचा पाय टेकतोय का. मला विचारलं, बुवा, याला पाणी पाजलं का? लिंबू-मीठ दिलं का? गूळ हातात दिला का? म्हातारी पायऱ्या चढेपर्यंत थांबणारा माणूस तो! सगळं झाल्यावर दोरी ओढली. एक. दोन.

डबल बेल!

निघाले. रंगनाथचा हात मास्तरांच्या खांद्यावर, सगळा भार त्यांच्यावर. हा सांगतोय, डावीकडं खड्डा आहे. ते सांगताहेत, पुढं उतार मोडतो, तिथं पाय सांभाळ. आंधळा लंगड्याला नेतोय का लंगडा आंधळ्याला, मला काही कळेना. एक मात्र दिसत होतं, मधली दोरी सैल होती. पहिल्यांदा सैल! मी पाण्याचं पिंप तसंच टाकलं आणि मागनं निघालो. आणि माझ्या मागनं रफीक. त्यानं दार लावून घेतलं होतं. पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता, चार किलोमीटर. त्याला नियमानं साडेनऊला दोघांना आत घेता आलं असतं. मी त्याला नंतर विचारलं, का नाही घेतलंस? तो म्हणाला, बुवा, आत घंटी वाजली नाही.

पोचले का वेळेत? तुम्हाला काय वाटतं? कथेत पोचतात! आमच्या गावात नाही पोचले. बावीस मिनिटं उशीर. बाजारातली फुगवलेली कमान हवा काढून आडवी पडलेली. खुर्च्या उचलत होते. वहिनी तेवढ्या उभ्या होत्या, आणि शर्यतीच्या कामातल्या एक बाई. त्या बाईंचं मन भरून आलं, खोकं उघडून दोन पदकं काढली. मास्तरांनी विचारलं, वेळ झालीय का? त्या म्हणाल्या, झालीय, पण घ्या हो. मास्तर म्हणाले, "नको बाई. वेळ संपल्यावर मी कधी कुणाला तिकीट फाडलं नाही."

म्हणजे पैज? हरली! रंगनाथ शब्दाचा पक्का. त्यानं दोरी सोडली, गुंडाळली, वहिनींच्या हातात दिली. मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला, आणि लंगडत घरी गेला. वहिनींनी दोरी परत परसात बांधली. तुकडा अपुरा पडला, दोनच कपडे मावायचे.

सोमवारी पहाटे साडेपाचला रंगनाथला जाग आली. सवय! बूट घातले, ओट्यावर बसला. गेला नाही. शब्द दिलेला. मंगळवारी पण तसाच बसला. मला तो पारावर भेटला, तोंड एवढंसं. म्हणाला, बुवा, तो परत भिंतीकडं बघत असेल, आणि ते माझ्यामुळं. आधी नुसता आंधळा होता, आता मी त्याला हरवून ठेवलं. मी काय सांगणार? बुवा लोकांना सगळ्याचं उत्तर येतं असं तुम्हाला वाटतं. मी त्याच्याशेजारी नुसता बसून राहिलो.

बुधवारी त्यानं बूट पण घातले नाहीत. आत पडून होता, आढ्याकडं बघत. पहाट झालेली, गल्लीत अजून कुणी नाही. आणि दाराची कडी वाजली.

टिंग.

रंगनाथ उठून बसला. दूधवाला असेल.

टिंग.

मंडळी, दोन! मधलं अंतर बरोबर तेवढंच. सत्तावीस वर्षं जो आवाज डोक्याशी ऐकला, तो माणूस झोपेत पण ओळखेल. अनवाणी पळत गेला, दार उघडलं. दारात मास्तर. एकटे! हातात काठी, पायात बूट, उलटसुलट बांधलेल्या नाड्या. गुडघ्याला माती, म्हणजे कुठंतरी धडपडले होते. तीन गल्ल्या, एक गटार, एक कुत्रं — सगळं ओलांडून एकटा माणूस आला होता. गळ्यात ती दोरी. मागं लांब, कोपऱ्यावर, पदर तोंडाला लावून वहिनी उभ्या. त्यांनी हात धरला नव्हता. नुसत्या मागं मागं आल्या होत्या, चप्पल हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून.

रंगनाथ म्हणाला, पैज हरलोय रे आपण.

मास्तर म्हणाले, "तू माझ्या दारात यायचं नाहीस, असं ठरलं होतं. मी तुझ्या दारात यायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?"

रंगनाथनं त्यांना मिठी मारली ती सोडेचना. मास्तर म्हणाले, सोड आता, ऊन होईल. बूट घाल.

"कुठं जायचं?"

मास्तरांनी खिशातून एक फूल काढलं. झेंडूचं, ताजं.

"वर," ते म्हणाले, "एक थांबा राहिलाय आपला."

गेले मंडळी! घड्याळ नाही, पदक नाही, मागं गाडी नाही. मास्तर म्हणतील तिथं थांबत, मास्तर म्हणतील तेव्हा निघत, साडेतीन तास नुसतं चढायलाच लागले. घाटजाईपुढं एक बेल वाजली, आणि रंगनाथ जागच्या जागी उभा राहिला. मास्तरांनी पायरीला हात लावला, फूल ठेवलं. येताना रफीकच्या गाडीनं आले, प्रवासी म्हणून, तिकीट काढून. आता रोज जातात. घाटात नाही रोज, ओढ्यापर्यंत. एक दिवस रंगनाथ मास्तरांच्या दारात येतो, एक दिवस मास्तर रंगनाथच्या.

झालं आख्यान. आता माझा सवाल आठवा. हात द्यायचा कसा? कळलं का? काका, टोपीवाले, डोळे का पुसताय, बोला! नाही बोलवत? राहू द्या.

मग मीच बोलतो, माझं स्वतःचं. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. घरी आहे. मी तिला काही कमी पडू देत नाही, सगळे म्हणतात बुवा आईला फुलासारखं जपतात. औषध मी देतो, पंखा मी लावतो, झोप म्हणतो तेव्हा ती झोपते. ती म्हणायची, मला ओसरीवर बसू दे, वाती वळते. मी म्हणायचो, वारं लागेल, आत चल. चारदा म्हणाली, पाचदा म्हणाली. आता म्हणत नाही. मला वाटत होतं, आई शांत झाली. मंडळी, शांत झाली नव्हती. तिनं बेल द्यायची सोडली होती. हे मला त्या वडाच्या वळणावर कळलं, पाण्याचा पेला हातात धरून उभा होतो तेव्हा. त्या दिवशी घरी जाऊन तिला ओसरीवर बसवलं, कापूस दिला. तिनं एक वात वळली आणि माझ्या हातावर ठेवली.

तुमच्या घरी कोण आहे, ते मला सांगू नका. तुम्हाला ठाऊक आहे. सासरा असेल, बहीण असेल, नवरा असेल. कुणाला तरी तुम्ही फार प्रेमानं ओढत नेताय. त्याच्या मनगटावर वळ आहे का, घरी गेल्यावर बघा. आणि आज एकदा, आपण होऊन, त्याच्यापुढं थांबा. दहा सेकंद! घाई करू नका, तो लगेच बोलणार नाही, त्याची सवय मोडलीय. त्याच्या हातात दोरी द्या आणि वाट बघा.

आता ही माझ्या हातातली झांज. विष्णुपंत, पेटी नको. तबला नको. सगळ्यांनी डोळे मिटा, मास्तरांसारखे. मी एकदा वाजवतो, तेव्हा जो माणूस मनात येईल त्याच्यापुढं उभे राहा.

टिंग.

हं. आला कुणीतरी? येऊ दे. दुसरी मी वाजवणार नाही. ती ज्याची त्याच्या घरी वाजेल. देवी तुमचं भलं करो, उठा आता सावकाश, आणि म्हाताऱ्या माणसांना आधी पायऱ्या उतरू द्या.